लायब्ररीचं कार्ड काढा, नवे सिनेमे घरी आणा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चार गोष्टी सांगायच्या आहेत. तुम्ही एडिसनला असा, फ्रीमॉन्टला असा, नेपरव्हिलला असा किंवा डॅलसच्या आसपास. तुमच्या गावाची पब्लिक लायब्ररी घरापासून फार लांब नसणार. मुलांसाठी पुस्तकं आणायला तुम्ही तिथे जातही असाल. पण तिथल्या सिनेमांच्या आणि मालिकांच्या कपाटांपुढे आपली मंडळी फारशी थांबत नाहीत. जरा थांबा. तिथे नवे सिनेमे असतात, नव्या मालिका असतात, आणि त्या घरी न्यायला पैसे पडत नाहीत.

पैसे पडत नाहीत म्हणजे माल जुनापुराणा असणार, असं समजू नका. हे दानधर्माचं खातंही नाही. बहुतेक ठिकाणी लायब्ररी चालते ती गावातल्या घरांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर. भाड्याने राहत असाल, तरी तो टॅक्स भाड्यातून तुमच्याच खिशातून जातो. आपल्याकडे वाचनालयात अनामत ठेवावी लागते आणि दरमहा वर्गणी भरावी लागते. इथे वर्गणी आधीच भरून झालेली आहे. फक्त तिचा उपयोग करायचा राहिला आहे.

आता एक कागद घ्या. महिन्याला कोणकोणत्या ओटीटीचे पैसे कार्डावरून जातात, ते लिहून काढा. त्यातलं कोणतं गेल्या महिन्यात कोणी उघडलंच नाही, तेही लिहा. एका मालिकेसाठी घेतलेली वर्गणी ती मालिका संपल्यावरही चालू राहते, हे बहुतेक घरांत आढळेल. पुढची नवी वर्गणी घेण्याआधी तीच मालिका लायब्ररीत आहे का, हे पाहायची सवय लावून घ्या.

भाड्याने डीव्हीडी मिळण्याच्या इतर वाटा आता जवळपास बंद झाल्या आहेत. नेटफ्लिक्सने १९९८मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवायला सुरुवात केली होती. ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ला संपली. किराणा दुकानांबाहेर रेडबॉक्सची लाल पेटी असायची. ती कंपनीही २०२४मध्ये बुडाली. बऱ्याच गावांत हातात डिस्क देणारी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे लायब्ररी.

आधी कार्ड

कार्ड काढायला दोन गोष्टी सोबत न्या. एक, फोटो असलेलं ओळखपत्र. दुसरं, गावात राहत असल्याचा पुरावा. विजेचं बिल चालतं, घराचा भाडेकरार चालतो. बहुतेक ठिकाणी काम तिथल्या तिथे होतं.

कार्डाबरोबर पिन मिळतो. तो लिहून ठेवा. पुढे फोनवर आणि टीव्हीवर तोच लागणार आहे.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड काढा. एका कार्डावर एका वेळी ठरावीकच डिस्क मिळतात. चार कार्डं असली तर एकाचा वाटा दुसऱ्याला खावा लागत नाही.

भारतातून आलेल्या आईवडिलांना कार्ड मिळेल का, हे काउंटरवर विचारा. काही लायब्रऱ्या पाहुण्यांना तात्पुरतं कार्ड देतात, काही देत नाहीत. न मिळाल्यास तुमच्या कार्डावर न्या. मात्र जबाबदारी तुमची राहील, हे ध्यानात ठेवा.

नवा सिनेमा हाती कसा लागेल

कपाटापाशी जाऊन नवा सिनेमा शोधाल, तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. नवे सिनेमे कपाटावर फार वेळ टिकत नाहीत. ते आधी रांगेतल्या लोकांकडे जातात. म्हणून रांगेत नाव लावायला शिका.

लायब्ररीच्या संकेतस्थळावर सिनेमाचं नाव टाका. समोर ‘होल्ड’ लिहिलेलं बटण दिसेल. ते दाबा, कार्डाचा नंबर द्या, कुठल्या शाखेतून उचलणार ते सांगा. झालं तुमचं काम. तुमचा नंबर आला की ईमेल किंवा मेसेज येतो. डिस्क काउंटरजवळच्या होल्डच्या कपाटात तुमच्या नावाच्या चिठ्ठीसह ठेवलेली असते. ती काही दिवसच तिथे राहते. वेळेत गेला नाहीत तर पुढच्या माणसाला जाते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लायब्ररी सिनेमाची डिस्क बाजारात यायच्या आधीच मागणी नोंदवते, आणि तेव्हापासून तो सिनेमा यादीत ‘ऑन ऑर्डर’ म्हणून दिसायला लागतो. त्याच दिवशी नाव लावलंत, तर रांगेत पहिल्या काही जणांत तुम्ही असाल. अमेरिकेत नव्या डिस्क सहसा मंगळवारी बाजारात येतात. दर आठवड्याला पाच मिनिटं यादीवर नजर टाकलीत तरी पुरे.

तुमच्या शाखेत नसेल, तर शेजारच्या गावाच्या लायब्ररीतून येईल का, ते बघा. पुष्कळ ठिकाणी आसपासच्या गावांनी मिळून एकच यादी केली आहे. न्यू जर्सीत बर्गन काउंटीच्या बाजूला अशी मोठी सोय आहे. तुम्ही घरातून बटण दाबायचं, डिस्क दुसऱ्या गावाहून तुमच्या शाखेत येते.

काही लायब्रऱ्यांत ‘लकी डे’ नावाचं वेगळं कपाट असतं. त्यातल्या नव्या सिनेमांना रांग नाही. जो आधी येईल त्याला मिळेल. शनिवारी सकाळी उघडताना गेलात तर नशीब साथ देण्याची शक्यता जास्त.

आणि डिसेंबरात भारतात जाणार असाल, तर जायच्या आधी होल्ड थांबवून ठेवा. तशी सोय बहुतेक यादीत असते. तुमचा नंबर राहतो आणि डिस्क तुमची वाट बघत अडकून पडत नाही.

घरी लावायचं कशावर

नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच नसते, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. मुलांकडे एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन असेल, तर बघा. डिस्क आत जाण्याची फट असलेल्या नव्या मॉडेलवर डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही चालतात. फट नसलेल्यावर काहीच चालत नाही. ते नसेल तर साधा प्लेअर फार महाग नाही. काही लायब्रऱ्या तर प्लेअरही वापरायला देतात. विचारून बघा.

डीव्हीडी प्लेअरवर ब्लू-रे चालत नाही. ब्लू-रे प्लेअरवर मात्र डीव्हीडी चालते. नाव लावताना यादीतलं चित्र नीट बघा. नाहीतर तीन आठवडे वाट पाहून आणलेली डिस्क तशीच परत न्यावी लागेल.

आईबाबा आलेत त्यांच्यासाठी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. तुम्ही दोघं कामावर जाता, मुलं शाळेत जातात. बाहेर बर्फ असतो, त्यांना गाडी चालवता येत नाही. दुपार खायला उठते. मग दिवसभर फोनवर तेच ते व्हिडिओ चालू राहतात. त्यांना सोबत आणि विषय दोन्ही हवं असतं.

त्यांना एकदा लायब्ररीत घेऊन जा. स्वतः निवडू द्या. तुम्हाला काय आवडेल हे तुम्हीच ठरवून टाकू नका.

सुरुवातीला कमी बोलणं असलेलं काहीतरी आणा. ‘फ्लो’ नावाचा लॅटव्हियातला अॅनिमेशन सिनेमा २०२४मध्ये आला. पूर आलेला असतो आणि एक मांजर इतर जनावरांबरोबर होडीतून जात असतं. अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही. त्याला २०२५मध्ये ऑस्कर मिळालं. आजीला इंग्रजी येत नसेल आणि नातवाला मराठी अडखळत येत असेल, तरी दोघं तो एकत्र बघू शकतात. ‘परफेक्ट डेज’ हा २०२३चा सिनेमा टोकियोत सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या माणसाचा आहे. त्यातही बोलणं थोडं. ‘प्लॅनेट अर्थ’ या निसर्गावरच्या मालिकेचा तिसरा भागही २०२३चा आहे. त्याला वयाची अट नाही.

इंग्रजी समजतं पण उच्चार कळत नाहीत, अशा आजोबांसाठी ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ ही मालिका बघा. २०२०पासून ती नव्याने सुरू झाली. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या खेड्यांतला गुरांचा डॉक्टर, अडलेल्या गाई, चिखल, हिशेबी शेतकरी. गावात बालपण गेलेल्या माणसाला त्यातलं काहीच परकं वाटणार नाही.

मालिका लावली की पहिल्यांदा सबटायटल्स सुरू करून द्या. रिमोटवरचं ते बटण त्यांना दाखवा. त्यावर रंगीत टिकली चिकटवा. प्लेअर कसा सुरू करायचा, डिस्क कशी घालायची, बंद कसं करायचं, एवढं मराठीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावा. तुम्ही मीटिंगमध्ये असताना त्यांना तुमची वाट बघावी लागता कामा नये.

मुलांच्या बाबतीत सावध राहा

लायब्ररीतून आणलंय म्हणजे मुलांसाठी योग्यच असणार, असं धरून चालू नका. लायब्ररी सगळ्या वयांसाठी असते. मुलाने काय बघावं हे ठरवायचं काम बहुतेक लायब्रऱ्या आईवडिलांवर सोडतात, आणि ते योग्यच आहे.

डब्याच्या मागे खूण असते ती वाचा. सिनेमावर ‘पीजी-१३’ असेल तर तेरा वर्षांखालच्यांसाठी विचार करा. ‘आर’ असेल तर तो मोठ्यांचा समजा. मालिकेवर ‘टीव्ही-एमए’ लिहिलेलं असेल, तर ती मुलं झोपल्यावर लावा. परदेशी सिनेमांवर पुष्कळदा खूणच नसते. तिथे जास्त काळजी घ्या.

उदाहरण सांगतो. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ २०२४चा. कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. मुंबईच्या इस्पितळात काम करणाऱ्या बायकांची गोष्ट आहे. छाया कदम यांची पार्वती शेवटी रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जाते. मराठी माणसाने जरूर बघावा असा सिनेमा आहे. पण त्यातले काही प्रसंग मोठ्यांसाठीच आहेत. आधी तुम्ही बघा, मग कोणाबरोबर बघायचा ते ठरवा.

डिस्कशिवायही मिळतं

त्याच कार्डावर टीव्हीवर किंवा फोनवर सिनेमे बघता येतात. त्यासाठी मुख्य अॅप दोन आहेत, कॅनपी आणि हूपला. तुमची लायब्ररी यांपैकी काय देते, ते विचारा. अॅप उतरवा, लायब्ररीचं नाव निवडा, कार्डाचा नंबर आणि पिन घाला. वेगळे पैसे नाहीत, मध्ये जाहिराती नाहीत.

कॅनपीवर दर महिन्याला काही तिकिटं मिळतात. सिनेमागणिक ती कमी होतात. महिना संपला की उरलेली तिकिटं जातात, म्हणून वापरून घ्या. हूपलावर महिन्याला किती सिनेमे घ्यायचे ते लायब्ररी ठरवते. घेतलेला सिनेमा तीन दिवस राहतो, मग आपोआप परत जातो. कधी कधी ‘आजची मर्यादा संपली’ असा निरोप येतो. घाबरू नका, तुमची चूक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा.

इथे एक विनंती आहे. तुम्ही या अॅपवर सिनेमा घेता, तेव्हा लायब्ररीला त्याचे पैसे भरावे लागतात. उगीच दहा सिनेमे उघडून टाकून देऊ नका. हा खर्च झेपेना म्हणून न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही मोठ्या लायब्रऱ्यांनी जुलै २०१९पासून कॅनपी बंद केलं. जे खरंच बघणार आहात, तेच घ्या.

डिस्कचं तसं नसतं. ती लायब्ररीने एकदा विकत घेतली की तिची झाली. कितीही जणांना द्यायची कायद्याने मुभा आहे. ओटीटीवरचा सिनेमा करार संपला की एके दिवशी दिसेनासा होतो. कपाटातली डिस्क तिथेच असते. म्हणून जे डिस्कवर आहे, ते डिस्कवरच घ्या.

नीट सांभाळा, वेळेत परत करा

डिस्क कडेने धरा. चकाकत्या बाजूला बोट लावू नका. डाग असेल तर मऊ कोरड्या फडक्याने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, त्याने ओरखडे वाढतात. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

मालिकेच्या एका डब्यात तीन-चार डिस्क असतात. घेताना तिथेच डबा उघडून मोजा. देतानाही मोजा. शेवटची डिस्क प्लेअरमध्येच राहून जाते, ही नेहमीची गडबड आहे. मग डबा अर्धवट परत गेला म्हणून लायब्ररीतून फोन येतो आणि पुढचा माणूस खोळंबतो.

डब्याला कुलूप असेल, तर निघण्यापूर्वी काउंटरवर उघडून घ्या. ते घरी उघडत नाही. डिस्क अडकत असेल, तर परत देताना तसं सांगा. कोणी रागावत नाही. उलट ती पुढच्या माणसाच्या माथी जात नाही.

नवा सिनेमा बहुधा काही दिवसांसाठीच मिळतो, मालिका थोड्या जास्त दिवसांसाठी. पावतीवर तारीख असते. ती फ्रिजवर लावा. बऱ्याच शहरांनी उशिराचा दंड आता बंद केला आहे. शिकागोने २०१९मध्ये केला, न्यूयॉर्कने २०२१मध्ये. तरी काही गावांत दंड अजून आहे. तुमच्याकडे काय नियम आहे ते विचारून ठेवा. आणि दंड नसला म्हणून डिस्क ठेवून घेऊ नका. तुमच्यामागे कोणीतरी रांगेत उभं आहे. डिस्क हरवली तर किंमत भरावी लागते, ती सगळीकडेच.

मंडळात दाखवू नका

गणपतीत किंवा संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये लायब्ररीची डिस्क लावून सिनेमा दाखवू, असं कोणी सुचवेल. हेतू चांगला असतो. पण ते करू नका. लायब्ररीची डिस्क घरी बघण्यासाठी असते. हॉलमध्ये चारचौघांना दाखवायचं, तर तिकीट नसलं तरी वेगळा परवाना लागतो. तो मंडळाने रीतसर घ्यावा. डिस्कची नक्कल करून ठेवणंही टाळा.

मराठी सिनेमा मागा

तुमच्या लायब्ररीत हिंदी सिनेमे दिसतील, मराठी क्वचितच. याला लायब्ररीवाल्यांचा राग धरू नका. कोणी मागितलंच नाही, तर त्यांना कळणार कसं? बहुतेक लायब्रऱ्यांत ‘हे विकत घ्या’ असं सुचवायचा फॉर्म असतो. तो भरा.

फॉर्ममध्ये नुसतं ‘मराठी सिनेमे आणा’ असं लिहू नका. सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, वर्ष आणि तो का घ्यावा, हे लिहा. उदाहरणार्थ संदीप सावंत यांचा ‘श्वास’, २००४. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, २००९. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, २०१४. हे तिन्ही सिनेमे भारताने ऑस्करसाठी अधिकृतपणे पाठवले होते. एवढं एक वाक्य लिहिलंत, तर मराठी न कळणाऱ्या ग्रंथपालालाही निवड करायला आधार मिळतो.

इंग्रजी सबटायटल्स आहेत का आणि डिस्क अमेरिकेतल्या प्लेअरवर चालेल का, हे आधी तपासून लिहा. भारतातल्या डीव्हीडींचा विभाग पाचवा, अमेरिकेचा पहिला. सगळीकडे चालेल अशी खूण नसेल, तर भारतातून आणलेली डिस्क इथे अडते. भेट म्हणून डिस्क देणार असाल, तर ती अस्सल, विकत घेतलेली असू द्या. लायब्ररी ती ठेवेलच असं नाही, तेव्हा आधी विचारा.

एकाच गावातल्या पाच-सहा घरांनी एकच नाव सुचवलं, तर त्याचं वजन वाढतं. आणि सिनेमा आला की तो घरी न्या. नेणं फार महत्त्वाचं आहे. कोणती डिस्क किती वेळा घरी गेली, याची नोंद राहते. जी जात नाही ती कालांतराने काढून टाकतात. जी फिरते तिच्याशेजारी दुसरी येते.

तेव्हा या शनिवारी एवढंच करा. ओळखपत्र आणि विजेचं बिल घ्या. आईबाबांना आणि मुलांना गाडीत बसवा. कार्ड काढा, एका नव्या सिनेमासाठी नाव लावा, कपाटावरची एक मालिका घरी आणा, आणि निघण्याआधी एका मराठी सिनेमाची मागणी नोंदवून या.